दुपारचं रक्त

अंबादास फणसे पहिल्यांदा आले ते रात्री साडेदहाला.
निरोप माझाच होता: रात्री या.
पंचवीस वर्षं मी अशीच रक्तं घेत आले,
हत्तीपायाची. सुरतेकडचे विणकर, वीटभट्टीवरची पोरं,
अर्ध्या झोपेत बोट पुढे करायची,
कारण त्या जंताची पिल्लं
डासांच्या वेळेला रक्तात उतरतात.
रात्रीचे डास, रात्रीची पिल्लं,
आणि रात्रीची मी.

फणसे म्हणाले, बेन, डोळ्यात काहीतरी चालतं.
खुपतं का?
खुपत नाही. चालतं.

मकरपुऱ्याच्या कारखान्याने त्यांना गॅबॉनला पाठवलं होतं,
जंगलात ट्रान्सफॉर्मर बसवायला, अडीच वर्षं.
परत आल्यावर तीन डॉक्टर झाले.
एकाने थेंब दिले, एकाने चष्म्याचा नंबर बदलला,
तिसऱ्याने बायकोला बाजूला घेऊन विचारलं,
यांना झोप लागते का नीट?
मनगट मधूनच लिंबाएवढं सुजायचं,
दोन दिवसांत आपोआप उतरायचं.
ते कुणी कागदावर घेतलंच नव्हतं.

रात्रीची काच कोरी निघाली.
मी तसं लिहून सही केली.

सकाळी डॉ. नयना अमीन यांचा फोन.
बेन, तिकडची माशी दिवसा चावते.
त्यांना बाराला बोलवा.

रावपुऱ्याच्या टॉवरखाली स्कूटर लावून
ते बरोब्बर बाराला आले, घामाने भिजलेले.
तेच बोट, तीच सुई.
काचेवर आधी नुसत्या लाल पेशी दिसल्या,
मग त्या हलल्या,
मांडवीच्या गर्दीत कुणी कोपर मारत पुढे सरकावं
आणि तो माणूस दिसू नये,
फक्त धक्के दिसावेत, तशा.

रंग देऊन पाहिलं तेव्हा शेपूट दिसली.
माझ्या ओळखीच्या पिल्लांचं शेपटाचं टोक रिकामं असतं.
याचं टोकापर्यंत ठिपक्यांनी भरलेलं.
मी काल रात्रीचा कागद काढला
आणि माझ्याच सहीवर आडवी रेघ मारली.

आता मोजणी.
डॉक्टर म्हणाल्या, गोळीची घाई नको.
पिल्लं फार असली आणि सगळी एकदम मेली
तर मेंदूवर येतं. आधी आकडा द्या.
एकतीस.
परत मोजली: तेहतीस.
चहा तसाच ठेवला, खिडकी लावून घेतली,
परत: एकतीस.
गुणिले वीस. मिलीलिटरला सहाशे वीस.
फोनवर आकडा सांगताना
मी तो दोनदा सांगितला, एकदा मराठीत, एकदा गुजरातीत.
चालेल, त्या म्हणाल्या. थोडक्यापासून सुरू करू.

डोळ्यातला मोठा मात्र हातानेच काढायचा होता.
त्यांना खिडकीशी उन्हात बसवलं, वाट पाहत,
वीस मिनिटं, पंचवीस.
मी सलाइनची बाटली धरून उभी.
मग पांढऱ्या बुबुळाबाहेर
एक बारीक दोरा वळला, नाकाकडून कानाकडे.
भुलीचे थेंब, टोकाएवढी चीर, चिमटा.
चार सेंटिमीटर. बाटलीत तो अजून
आपली चाल विसरला नव्हता.

तारामतीबाई दाराशी होत्या.
बाटली हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली,
बराच वेळ.
खरंच होतं तर, म्हणाल्या.
आणि नवऱ्याकडे न बघता पुढे,
मी त्या डॉक्टरला सांगितलं होतं, यांना झोप नाही लागत.
फणसे एका डोळ्याने हसले.
दुसऱ्यावर पट्टी होती.

एकवीस दिवस गोळ्या. पहिल्या दोन रात्री दवाखान्यात,
अंगभर खाज, थोडा ताप, बाकी काही नाही.

सहा महिन्यांनी परत आले, बाराला, चिकूची पिशवी घेऊन.
आरशात अजून बघतो बेन, सवय लागली.
मी बोट पुसलं.
आमच्या छापील फॉर्मवर आता डाव्या कडेला
पेनाने आखलेला एक रकाना असतो:
मधल्या काळात कुठे राहून आलात?
त्याखाली वेळ.
बारा वाजून सात मिनिटं, मी लिहिलं,
आणि सुई उचलली.