चादरीशिवाय

मे महिना, रात्रीचे अडीच.
भिंती अजून दिवसाचं ऊन ओकतायत.
कूलरचं वारं लागू नये म्हणून
आजीनं नातवाला चादरीत गुंडाळलंय,
मोराच्या नक्षीची, नवी,
अजून खळीचा वास जात नाही तिचा.

केसपेपरवर नाव नाही.
नीलव्वा म्हेत्रेचं बाळ, वय नऊ दिवस,
वजन चार किलो शंभर.
मी तिथंच थांबले.
हे पोर चार किलोचं रडत नाही.

आजी, चादर काढा. टोपडं पण. करदोटासुद्धा.
करदोटा सोडवताना ती कानडीत पुटपुटली,
देवाला की मला, कळलं नाही.
काट्यावरचे आकडे थरथरले, थांबले:
तीन किलो दोनशे.
बाकीचं सगळं कापड होतं.

निवासी डॉक्टरला उठवलं.
त्यानं डोळे चोळत जुना आकडा खोडला,
नवा लिहिला, सही केली.

किलोला पाच मिलिग्रॅम, म्हणजे सोळा.
कुपीत दोन मिलीत ऐंशी.
सोळा पंचे ऐंशी,
तेव्हा दोनाचा पाचवा भाग:
शून्य पूर्णांक चार.
शून्य लिहायचंच.
उघडं टिंब घामाच्या एका थेंबात बुडतं
आणि उरतो नुसता चार.

आई विड्या वळायची, घरकुलात, उंबऱ्याशी बसून.
तेलुगूत मोजायची, ओकटी, रेंडू, मूडू,
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचं हजार.
कारखान्यात छाट निघायची,
म्हणून दर कट्ट्याला दोन जास्तीच्या घालायची.
कमी पडायला नको गं, म्हणायची.
मोजणं मी तिच्याकडूनच शिकले
आणि इथं आल्यावर
त्या दोन जास्तीच्या विसरायला मला वर्ष लागलं.
हे औषध जास्त झालं तर कानात जाऊन बसतं.
पोर मोठं होतं, अंगणात खेळतं,
आणि हाक मारली तरी वळत नाही.

हत्तुरे सिस्टरना बोलावलं.
माझा आकडा सांगितला नाही त्यांना,
कागद पालथा ठेवला.
त्या पाठमोऱ्या उभ्या, तळहातावर पेन,
पंखा तेवढा कुरकुरतोय.
वाटलं, मी सोळाच्या पाढ्यात चुकले असेन.
सव्वीस वर्षं झाली नोकरीला, तरी वाटतं.
"शून्य पूर्णांक चार," त्या म्हणाल्या.
तेव्हा कुठं कागद उलटला.

सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरली.
एक बुडबुडा होता, टिचकी मारून घालवला.
पायातली पट्टी वाचली, केसपेपर वाचला,
नीलव्वाला तिचं नाव विचारलं.
ती हसली, तिसऱ्यांदा विचारत होते.
मग सलाईनमध्ये मिसळून, सावकाश,
घड्याळाकडे बघत.

"आता गुंडाळू?" आजीनं विचारलं.
गुंडाळा.

तीन वाजून वीस मिनिटं, असं लिहिलं.
खाली सही, येमूल. शेजारी हत्तुरे.
आणि वजनाच्या रकान्यात
तीन किलो दोनशेच्या पुढं,
सकाळच्या पाळीला दिसेल अशा ठळक अक्षरात:
चादरीशिवाय.