येण्याआधी वाच

शकू, पिशवी आण. कापडी नको,
मामांच्या दुकानातली ती खताची, धुतलेली, विणीची.
माशांचं पाणी गळतं
आणि वेसाव्याचे रिक्षावाले सीटला फार जपतात.

सुटे आण. दहाच्या, विसाच्या नोटा.
फोन दाखवूनही पैसे जातात आता,
पण नोट चुरगळून कमरेला खोचली
की बाईचा हात जरा सैल होतो.

पहाटे नको. तेव्हा लिलाव, हॉटेलवाले, बर्फाच्या लाद्या,
तू मध्येच चिरडशील. नऊला जा.
भवानीची वेळ मात्र ओळख:
टोपली काठोकाठ आणि बाई गप्प
म्हणजे सुरुवात तुझ्यापासून व्हायची आहे.
भाव विचारून तेव्हा पाठ फिरवलीस
तर तिच्या अख्ख्या दिवसाचं खापर तुझ्यावर.

कल्ला उघड. ओल्या कुंकवासारखा हवा.
विटकरी असेल तर कालचा,
तपकिरी असेल तर कधीचा ते विचारू नकोस.
बोटानं दाब, खड्डा राहिला तर ठेवून दे.
बोंबलाचं वासावरून कळत नाही,
त्याचा जबडा बघ, गुलाबी आहे का.
चिंबोरी हातात तोलून घे.
अवसेच्या आसपास भरलेली असते,
पुनवेला नुसतं कवच.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
अकरा वर्षांपूर्वी शाळेत रुजू झाले, खोली घेतली,
पहिल्याच रविवारी चारशेचं पापलेट आणलं.
चिरलं, तर घरमालकीण नाकाला पदर लावून अंगणात.
तशीच पिशवी घेऊन भांडायला गेले देवकी तांडेलकडे.
म्हणाली, "हात लावलास? कल्ला बघितलास?
मासा काय नवरा हाय, फोटू बघून पसंत करायला?"
पैसे परत दिले नाहीत.
पुढच्या रविवारी मात्र माझं बोट धरून
एकेका माशाच्या तोंडात घातलं.

तुझ्या सासूबाई खात नाहीत, माहीत आहे.
त्यांना शहाळं दे, "पातळ मलईचं" असं सांगून माग.
चौपाटीवरचा बर्फाचा गोळा नको, पोरांनी लोळण घेतली तरी.
सोलकढी भडक गुलाबी दिसली तर तो रंग,
खरी जरा मळकटच असते.
शिंपल्यांची झुंबरं इथल्या वाळूतली नव्हेत, ट्रकनं येतात.
घ्यायचीच झाली तर अर्ध्यावर सुरू कर आणि चालू लाग,
मागून हाक येते.
मासळीबाजारात चालू लागू नकोस.
तिथं कुणी हाक मारत नाही.

जून-जुलैत येणार असशील तर वरचं सगळं विसर.
होड्या किनाऱ्यावर, ताडपत्रीखाली.
बर्फातलं शिळं खाण्यापेक्षा सुकट ने,
तीन वर्तमानपत्रांत, मग स्टीलच्या डब्यात,
झाकणाला चिकटपट्टी.
मी एकदा नुसत्या पिशवीत नेली होती हिंगोलीला.
रात्रभर शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही,
पाय पसरून आले.

आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला
देवकीकडे मांदेलीचे दोन-तीन वाटे उरलेले असतात.
तेव्हा घासाघीस केलीस तर ती ऐकेल,
गुडघे दुखतात तिचे, घरी जायचं असतं.
करू नकोस.
सांगेल ते दे. मग न मागता
वर मूठभर जवळा टाकेल.
इथं त्याला काय म्हणतात कुणास ठाऊक,
मी तिला आपला शब्द शिकवला, वर्ताळा.
आता सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणते, "घे गो, वरतला!"
दुरुस्त करायचं मी सोडून दिलंय.

हो, येताना ज्वारीचं पीठ आण, पाच किलो.
इथं मिळतं, पण भाकरी थापताना काठ फाटतात.
आदल्या दिवशीच दळ.
गिरणीवाल्यानं तयार पुढे केलं
तर चिमूटभर तोंडात टाकून बघ,
कडसर लागलं तर तसंच परत कर.