पावती

मोरीचं पाणी जिथं जाऊन मुरतं
तिथली अकरा पावलं माझी, असं मी म्हणायची.
म्हणायचीच.
सातबाऱ्यावर त्या अकरा पावलांचा वेगळा उल्लेख नव्हता,
आणि माझा तर नव्हताच.

सासूनं लावलेलं अळू तिथं आधीपासून होतं,
काळ्या देठाचं, पसरट.
बाकी सगळं मी मागून आणलं.
गवती चहाचा गड्डा मेढ्याच्या पोस्टातल्या बाईंकडून,
ओव्याची फांदी शाळेच्या कुंडीतून, कुणी बघत नसताना,
आणि भारंगी वरच्या धनगरवाड्यातल्या चांगुणाकडून.
तिनं पैसे घेतले नाहीत.
म्हणाली, उकळलेलं पहिलं पाणी ओतून टाक, दुसरंही टाक,
कडूपणा सगळा काढू मात्र नको,
थोडा राहिला पाहिजे,
नाहीतर मग कोबीच शिजव की.

पहिल्या वर्षी घरातलेच खायचे, नावं ठेवत.
दुसऱ्या वर्षी खोकल्याला अडुळसा मागायला
अर्धी आळी यायला लागली,
मागच्या दारानं.
तिसऱ्या वर्षी मी मेढ्याच्या स्टँडसमोर
दगडी पायरीवर टोपली मांडली,
शेजारी स्टोव्ह, वर पातेलं,
तांदळाची भाकरी आणि मूगडाळीतली भारंगी.
पहिलं गिऱ्हाईक महाबळेश्वर गाडीचा कंडक्टर.
एक घास खाल्ला. थांबला.
मला वाटलं, आता थुंकणार.
म्हणाला, आमची आई करायची.
ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.

त्या दिवसाचे एकशे चाळीस रुपये
मी हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवले.
अजून त्यातल्या नोटांना वास येतो.
दुकानदार नाक मुरडतो, पण घेतो.

यंदा दिवाळीनंतर हणमंत भावजींनी पिकअप घेतली.
ती लावायला जागा हवी.
चुन्याची फक्की मारून त्यांनी रेघ ओढली.
रेघेच्या आत अळू, रेघेच्या आत अडुळसा,
रेघेच्या आत मी, हातात विळा.
नवरा माझा चांगला माणूस आहे.
तो आभाळाकडं बघत होता.

भांडायला मला तोंड होतं.
पण अळू रांधणाऱ्या बाईला कळतं,
चिंच घातल्याशिवाय वाढायचं नाही,
नाहीतर सगळ्यांचे घसे खवखवतात
आणि दोष पानांना.

रात्री जेवणं झाल्यावर
मी डबी आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.
म्हटलं, भावजी, जागा तुमची.
महिना तीनशे भाडं घ्या,
सहा महिन्यांचं आगाऊ.
फक्त पावती द्या.

भावजी हसले. घरातल्या माणसाला कसली पावती?
मी म्हटलं, मग पिकअपची का घेतलीत?
सासू माझ्याशी चार वर्षं मोजूनमापून बोलते.
ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली,
दे की लिहून. अळू माझं आहे.

पुतण्याच्या गणिताच्या वहीचं पान फाडलं.
तारीख झाली, रक्कम झाली,
आणि भावजींचं पेन अडलं.
वहिनी, तुमचं नाव... म्हणजे कसं लिहू?
एकोणीस वर्षं खाल्लंय त्यांनी माझ्या हातचं.
नाव माहीत होतं, पत्रिकेत वाचलं असणार,
हाताला सवय नव्हती इतकंच.
मी एकेक अक्षर सांगितलं.
मं. दो. द. री.
म्हटलं, दो वर मात्रा आहे, विसरू नका.

आता बाजाराच्या दिवशी
त्याच पिकअपमधून माझ्या टोपल्या जातात.
पिकअप रस्त्याकडेला, देवळाच्या भिंतीला लागते.
टोपलीमागं वीस रुपये मी देते,
आणि पावती मागते.
भावजी नाव न विचारता लिहितात.

परवा घाईत मात्रा राहिली.
मी कागद परत दिला.