अष्टमीचा भांग

डिसेंबर लागला की वाचनालयाच्या फळ्यावर माझंच अक्षर.
डावीकडे: रविवारी पहाटे सहा, ऐरोलीची खाडी, पक्षी पाहणे.
भडक कपडे नकोत. दुर्बिणीला अनामत दोनशे.
उजवीकडे: त्याच संध्याकाळी सहा, वरचा हॉल,
'एकाहत्तरचं युद्ध आणि आपलं ठाणं',
वक्त्या शालन टिपणीस, निवृत्त मुख्याध्यापिका.
मध्ये खडूची रेघ,
खाली दोघांच्या मिळून: प्रवेश मोफत.

पहाटे एकोणीस जण आले.
मेल्विन डाबरे म्हणाला, बोटं नका दाखवू,
हनुवटीनं दाखवा. बोट म्हणजे त्यांना बंदूक.
मग आम्ही सगळे
हनुवट्या उचलून ओहोटीच्या चिखलाकडे
मानेत लचक भरल्यासारखे.
तिवरांची मुळं वर आलेली, बोथट पेन्सिलींसारखी.
शेकाट्या, तुतवार, दूर रोहितांची फिकी गुलाबी ओळ,
आणि मागे पुलावर ट्रकांचा घरघराट, एक क्षणही न थांबलेला.
एका मुलानं विचारलं, हे रात्री उडतात?
डाबरे म्हणाला, बरेचसे रात्रीच.
मला चहाच्या थर्मासचं झाकण सापडत नव्हतं.

संध्याकाळी खुर्च्या साठ, माणसं तेवीस.
पडद्यावर नकाशा, नकाशावर लाल बाण
समुद्रातून वर कराचीकडे.
टिपणीस बाईंचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो.
भोंगा. खिडक्यांना काळे कागद.
मोटारींच्या दिव्यांना अर्ध्यावर काळा रंग.
त्यांच्या शेजारच्यांनी देवाजवळची समईसुद्धा टोपलीखाली ठेवलेली.
मग त्या म्हणाल्या, इथं कुणाला आठवतंय?

पदीबाई नाखवा दर व्याख्यानाला येतात,
पंख्याखालची खुर्ची धरतात, चहा होईपर्यंत डुलकी काढतात.
त्या बसल्या बसल्याच बोलल्या:
"दिवं नव्हतं, म्हनून खारी ऐकाला आली.
बापुस होरी बांदून घरान बसलेला.
नि वरशी आवाज, रातभर. आमाना वाटला इमानाच.
आयनी सांगलान, इमाना नाय गो, पाखरां चालली.
नि तिनी चुलीवरशी चिमनीपन फुकलान.
सरकारनं सांगलेला म्हनून नाय.
पाखरांना वाट दिसू दे म्हनून."

हॉलमध्ये पंख्याचा खडखडाट तेवढा.
बाईंनी चष्मा काढला. तारीख आठवते?
"तारीक कोन बगतंय. अष्टमीचा भांग व्हता.
चांद मध्यानरातीला वर आला."
बाईंनी बोटं मोजली, ओठ हलवत:
पुनव दोन तारखेला, म्हणजे नऊ, नाहीतर दहा.
मागच्या रांगेतून डाबरेनं मान डोलावली.
नकाशावर बाईंनी ठाण्याची खाडी शोधली.
तिथं ती नव्हतीच, त्या मापात ती मावत नाही.
पदीबाईंनी पडद्याबाहेरची भिंत दाखवली,
जिथं खाडी आली असती,
बोटानं नाही. हनुवटीनं.

नंतर चहा झाला. कुणी पाकिस्तानविषयी विचारलं,
कुणी टाकीच्या पाण्याविषयी.
खुर्च्या रचताना मी एकेक बटण बंद केलं,
शेवटचंसुद्धा, आणि थांबलो थोडा.
अंधार काही झाला नाही.
समोरच्या टॉवरचं फलक आत येऊन
रिकाम्या पडद्यावर लाल, मग हिरवं, मग लाल,
आणि ऐकायला पूर्व द्रुतगती मार्ग.

अहवालाच्या वहीत रकाने ठरलेले आहेत.
उपस्थिती: तेवीस. चहा: तीस कप.
व्याख्यानात विषयांतर झाले काय?
बराच वेळ पेन धरून बसलो.
खालून वॉचमननं किल्ल्या वाजवल्या.
नाही, असं लिहिलं,
आणि सकाळच्या पानावरसुद्धा,
पाहिलेल्या पक्ष्यांच्या यादीखाली,
एक ओळ वाढवली:
आवाज. संख्या मोजता आली नाही.