दोरीच्या अलीकडे

मी स्टेनव्हर, इथली रेंजर.
गाडी खडीवरच लावा.
ड्रोन उडवू नका, चूल पेटवू नका,
दगडावर दगड रचून मनोरे करू नका.
वारा ते पाडत नाही, मलाच पाडावे लागतात,
आणि माझा उजवा गुडघा हल्ली कुरकुरतो.

लाव्हाचा खडा खिशात घालू नका.
परवा एका बाईंनी पोस्टाने परत पाठवला,
सोबत चिठ्ठी: नेल्यापासून घरात काही धड होत नाही.
कुठून उचलला ते लिहायला विसरल्या,
म्हणून ऑफिसच्या खिडकीत पडून आहे.
माझ्याही घरात फारसं काही धड होत नाही.

आणि हे शेवाळ.
आमच्या आइसलँडात झाडं थोडी, हेच आमचं रान.
म्हशीच्या दुधावरच्या सायीसारखं, असं मागे कुणी पाहुणा म्हणाला;
म्हैस मी पाहिलेली नाही, पण मान डोलावली.
पोरांना त्यावर लोळावंसं वाटतं. मोठ्यांना जास्त.
दोरीपलीकडे पाऊल नको.
एक ठसा भरून यायला किती वर्षं लागतात,
दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच.
फलकावर सत्तर लिहिलंय.
सत्तर कुणी मोजली, ठाऊक नाही.

मी बेचाळीस मोजली आहेत.

तिसऱ्या खुंटामागे, जिथे मी तुम्हाला नेणार नाही,
पावलांच्या दोन रांगा आहेत.
धाकटी माझी, नऊ वर्षांची, रबरी बुटांची.
मोठी थोर्मोदुरची. तो पुढे पळत होता,
मी "थांब, थांब" करत मागे.
दोघांनाही मार बसला. तो हसत होता.
पाचव्या हिवाळ्यात तो मासेमारीच्या बोटीवर गेला.
बोट सापडली.

समुद्राला दोरी नाही, फलक नाही,
आणि त्यावर कुणाचं काही उमटत नाही.

हंगाम संपतो, फलक गोणपाटात गुंडाळते,
आणि मग दोरी ओलांडते.
गुडघे टेकून बोटांनी चाचपते:
टाचेचा खळगा अजून आहे,
चवड्याकडची बाजू यंदा बुजली.
बुजावी, म्हणूनच तर मला पगार मिळतो.
एकदा नखाने थोडं उकरलं.
अहवालात तसं लिहिलं नाही.

तर, शौचालय डावीकडे.
बाटल्या परत न्या, केळ्याची सालंसुद्धा.
पाऊल फक्त फळ्यांवर.
तो निळ्या टोपीवाला मुलगा कुणाचा?
त्याला हाक मारा. जरा मोठ्याने.