गेटपास

गेटपासवर अक्षर माझं आहे.
वेळ चार दहा. गाडी, छोटा टेंपो.
माल: पंप बॉडी, नग चाळीस.
कुठे: मच्छे.
खाली भैरू काकतकरची सही,
‘भ’ची गाठ नेहमीसारखी सुटलेली.

उद्यमबागेतून मच्छे म्हणजे सरळ खानापूर रोड.
टेंपो सापडला येळ्ळूरच्या रस्त्यावर,
चिंचेखाली, वडगावकडं तोंड करून,
पुढच्या चाकाखाली एक सायकल
आणि डांबरावर रेशमी सुताच्या लडी,
जांभळ्या,
पार गटारापर्यंत उलगडत गेलेल्या.

रुद्राप्पा, पॉवरलूमवरचा.
वय एकोणपन्नास. हे नंतर कागदात आलं.

मालक म्हणतात, ती वाट माझी नव्हे.
वकील म्हणतात, ड्रायव्हर स्वतःच्या कामाला गेला,
वळला तिथंच मालकाचं काम संपलं,
काम संपलं की जबाबदारी संपली.
सांगताना ते पेनाचं टोपण
काढतात, लावतात, काढतात.
इन्शुरन्स संपून बावीस दिवस झाले होते.
ती फाईल मी तीनदा टेबलावर ठेवली होती,
पण ते मला कुणी विचारलेलं नाही.

माझ्याकडून एवढंच हवंय:
भैरूला येळ्ळूरला कुणी पाठवलं नव्हतं.
“तू काय खोटं बोलूलास काय?
गेटपासात हाय तेवढंच सांग की.”

गेटपासात नाही ते असं.
चारला पाच कमी असताना फोन वाजला.
वहिनीसाहेब.
दसऱ्याला पाहुणे आहेत,
भैरूला म्हणावं येताना येळ्ळूरहून
बासमतीचं पोतं घेऊन ये,
जुना बघून आण म्हणावं.
फोन ठेवून मी भैरूला हाक मारली.
भट्टी ओतायची वेळ, त्याला ऐकू येईना,
मी जवळ जाऊन कानात सांगितलं.
तो म्हणाला, डिझेल कुणाच्या नावावर लिवू?
मी म्हणालो, जा की रे,
एवढ्याशा कामाचं काय लिहायचं.

पंचनाम्यात सायकल आहे, चप्पल आहे,
सूत आहे, अंदाजे किलो चार.
पोतं नाही.

भैरूला काढल्याचं पत्र मीच टाइप केलं.
‘विनापरवाना मार्ग बदलल्याबद्दल.’
त्यानं ते वाचलं नाही,
घडी घालून खिशात ठेवलं आणि
मुलाच्या फीसाठी पगार आज मिळेल काय, विचारलं.

दसऱ्यानंतर माझ्याही घरी डबा आला,
वहिनीसाहेबांकडून, दोन किलो.
बायकोनं रात्रीच भात लावला.
जिन्यापर्यंत वास गेला.
वरच्या होंगलबाईंनी विचारलं, काय विशेष?
आम्ही जेवलो.
मी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

समन्स कानडीत आहे. मी अक्षर लावत वाचतो,
मधेच अडतो, मुलगी झरझर वाचून दाखवते
आणि विचारते, पप्पा, साक्षीला म्हणजे तुम्ही काय केलंय?

आज कोर्टाच्या व्हरांड्यात शांतव्वा भेटली.
रुद्राप्पाची बायको.
कांड्या भरून बोटांवर सुतानं कापलेल्या रेघा,
हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद.
फॅक्टरीचा माणूस म्हणून कुणीतरी मला दाखवलं असणार.
आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत.
बाकावर सरकून तिनं मला बसायला जागा केली
आणि दोनच शब्द विचारले:
यार केलस?
कुणाचं काम?

आत हेच विचारणार आहेत,
कलमं लावून, जास्त शब्दांत.
तिथं उत्तर देताना थांबता येतं,
पाणी मागता येतं.
बाकावर काहीच मागता येईना.

शिपायानं नाव पुकारलं,
शेवटचं अक्षर कानडी वळणानं लांबवत.
मी उठलो.
शर्टाच्या खिशात गेटपासची कार्बन कॉपी आहे,
निळी, थोडी पुसट.
‘कुठे’च्या रकान्यात
मच्छेच्या पुढं जागा कोरी आहे,
एक गाव मावेल एवढी.