चाळीस कार्डं, सगळी पिवळी

धारण तलावाच्या पंपघरात, रात्रपाळीला,
लॉगबुक बाजूला सारून मी डेक लावतो.
खेळाचा नियम : चाळीस कार्डं, एकही जास्त नाही,
एकाच यंत्राच्या तीनच प्रती.
पुढचा नियम माझा.
उडणारा नको. तलवारवाला नको.
छातीत विजेचा गोळा जळतोय असला तर नकोच नको.
फक्त पिवळे : डंपर, क्रेन, पोकलेन,
काँक्रीट ढवळणारा तो ढेरपोट्या,
आणि रोलर.
तीन रोलर.

नेरुळच्या दुकानातला हरेश म्हणतो,
दादा, असा डेक कोण बांधतं?
तिसऱ्या चालीपर्यंत तुमचं एक यंत्र उभं राहत नाही.
खरंय त्याचं.
रोलर मांडायला सहा इंधन लागतं, वेग एक,
आणि तळाशी, भिंग लावून वाचावं इतक्या बारीक अक्षरांत :
'हा जिथे उभा राहील ती जागा सामना संपेपर्यंत सपाट.'
या एका ओळीपायी
मी माझा चमचमता गरुडयोद्धा देऊन टाकला.
लोक त्याचे दोन हजार मोजतात.

शनिवारी समोर श्रीलक्ष्मी बसली, सीवूड्सची, सातवीतली.
तिचं सगळं सैन्य हवेत.
चार चालींत मी साफ.
कार्डं गोळा करताना तिने विचारलं,
काका, हा डेक हरायसाठी बनवलाय का?
नाही गं, हळू जिंकायसाठी.
किती वेळा जिंकलात?
एकदा. समोरचा मुलगा मध्येच जेवायला घरी गेला होता.
ती हसली नाही. रोलर हातात घेऊन
तळाची ओळ तिने दोनदा वाचली.
मग म्हणाली, पण सपाट झाल्यावर तिथे काय ठेवायचं?
हे नियमपुस्तकात नाही.

करावे गावात, घरी,
बाबांसमोर सगळी कार्डं पसरली.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला.
आरं, रोलरला कदी पाय असतान काय?
खेळ आहे बाबा. तो उठून उभा राहतो.
मंग यात डायवर कुठं बसतो?
कोणी बसत नाही. आपला आपण चालतो.
बराच वेळ ते चित्राकडे बघत राहिले.
याला पगार कोन देतं, म्हणाले,
आणि चहा मागितला.

बाबा बाविसाव्या वर्षी कंत्राटदाराच्या रोलरवर चढले.
ज्या खाजणात आजाने राता भात लावला
तिथे भराव पडला, भरावावर खडी,
खडीवर बाबा.
मागे-पुढे, मागे-पुढे, दिवसाला अकरा रुपये.
तो रस्ता आता सहापदरी आहे.
रिक्षातून जाताना एका ठिकाणी
ते नेहमी पाय किंचित उचलून घेतात.
मी कधी विचारलं नाही.

तर, एकेचाळीस.
रात्रीचे दोन, आणि मोजली की एकेचाळीसच भरतात.
काढायचं कोणाला?
'उपसा' नावाचा एक बारका पंप आहे,
कॉमन, पाच रुपयाला मिळतो, लढत नाही,
टाकलेल्या ढिगातून एक कार्ड परत वर आणतो, इतकंच.
डोकं सांगतं, हाच काढ.
पण मागे खऱ्या पंपाला भरतीची घरघर लागते,
खाडीचं दार बंद,
टेबल थरथरतं, आणि तोच एकटा कार्डातून सरकत सरकत
माझ्या मनगटापाशी येतो.
ठेवला. मग क्रेन काढली. मग क्रेनही ठेवली.
नोंद केली : २.४०, पंप क्र. ३ सुरू, पातळी उतरतेय.

सकाळी घरी स्लीव्ह पुसताना पुन्हा मोजली.
चाळीस.
परत मोजली. चाळीसच.
उपसा आहे, क्रेन आहे, ढेरपोट्या आहे.
रोलर दोन.

बाबा ओट्यावर पेपर वाचत होते.
त्यांच्या चष्म्याच्या घरात, रक्तदाबाच्या गोळ्यांमागे,
पिवळी कड दिसत होती.
झाकण नीट बसत नव्हतं.

मी ते बसवून दिलं.